दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला उभी हयात शिकवलं. गिअरबॉक्स उघडायला दिला की ते जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरायला लावायचे. निघेल तो भाग निघाल्या क्रमाने त्यावर मांडायचा आणि शेजारी पेन्सिलीने लिहायचं, मी काढला की जोडीदाराने काढला. कुणी का काढेना, गिअरबॉक्सला त्याचं काय, असं आम्हाला वाटायचं. जोडणीच्या वेळी मात्र कळायचं. जो भाग काही केल्या बसत नाही, तो हमखास जोडीदाराने काढलेला असायचा.

आज मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे ते तसं किरकोळ आहे. पाण्याच्या तांब्याएवढा रोबो. तो मोटारीच्या डॅशबोर्डवर बसतो, गाडी शिकणाऱ्याकडे बघतो, मान वळवतो, जरा वाकतो आणि अगदी मोजकं बोलतो. अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आणि मी, आम्ही मिळून तो बांधला. पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी त्यासाठी आपली गाडी दिली आणि आपले शिकवणारे सरही दिले. हा रोबो गाडी चालवत नाही. त्याच्याकडे ब्रेक नाही, आणि माझं चालेल तोवर मी तो देणारही नाही. मग त्याचा उपयोग काय? गाडी शिकताना शिकणाऱ्याच्या स्वतःच्या बाबतीतल्या दोन गोष्टी त्याला कधीच दिसत नाहीत. आपली नजर कुठे गेली नाही ही एक, आणि आत्ता गाडी थांबली ती आपल्यामुळे की शेजाऱ्यामुळे, ही दुसरी. या दोन गोष्टी दाखवणं एवढंच काम यंत्राला द्यावं आणि शिकवणं माणसाकडेच ठेवावं, हे मला आज मांडायचं आहे.

सहाची बॅच

आपले केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे. खासगी चारचाकी शिकवण्यासाठी त्यांनी किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास ठरवून दिले. शिकवायच्या गाडीला दुहेरी नियंत्रण हवं, म्हणजे शेजारच्या शिक्षकालाही गाडी थांबवता आली पाहिजे, हेही त्यातच आहे. 2021 साली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे वेगळे नियम आले. त्यांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम 29 तासांचा झाला, 8 तास वर्गात आणि 21 तास प्रात्यक्षिक. अशा केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओतल्या चाचणीतून सूटही मिळाली. पण बहुतेक लोक अजूनही शिकतात ते चौकातल्या पत्र्याच्या पाटीखालच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्येच.

तिथली सकाळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. सहाची बॅच. एक जण स्टिअरिंगवर, मागे दोघं आपली पाळी कधी येते याची वाट बघत. "क्लच पूर्ण दाबा. पहिला टाका. हाफ क्लचवर उठवा, रेस नको." हळूहळू गाडी बंद पडायची थांबते. मग रिव्हर्स, चढावर थांबून पुन्हा उठवणं, आठ काढणं. पुणेकर असाल तर भोसरीच्या ट्रॅकवर चाचणी, आणि मग पक्कं लायसन्स पोस्टाने घरी. पुढे कित्येक घरांत ते लायसन्स पाकिटातच राहतं. गाडी दारात उभी असते, चालवायला मात्र धीर होत नाही. विशेषतः चाळिशीच्या आसपास शिकलेल्या बायकांकडून मी हे इतक्या वेळा ऐकलंय की हा त्यांच्या धैर्याचा प्रश्न आहे असं मला वाटेनासं झालंय. शिकवण्यातच काहीतरी राहून जातंय.

जे पाकिटात ठेवत नाहीत, ते रस्त्यावर येतात. 2022 साली आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत दर शंभरांत सुमारे 44 जण दुचाकीवरचे होते आणि 19-20 जण पायी चालणारे. हे सगळे मोटारीखालीच आले असं नाही. पण मोटार शिकणाऱ्याने ज्यांना बघायला शिकायचं, ती माणसं ही आहेत. आपली शिकवणी मात्र बहुतेक वेळ हातापायांवर खर्च होते आणि नजरेच्या वाट्याला "बघून घ्या" एवढा एक शब्दप्रयोग येतो.

पाय कुणाचा?

शिकवणारे सर डाव्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय कायम ब्रेकवर अधांतरी असतो. आपल्याकडच्या बहुतेक शिकाऊ गाड्यांत त्यांच्याकडे ब्रेक आणि क्लच दोन्ही असतात आणि ते तारेने किंवा दांड्याने मूळ पेडलांना जोडलेले असतात. सरांनी ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडलही आपसूक खाली जातं. चांगला शिक्षक धसमुसळेपणा करत नाही. सिग्नल जवळ येतोय, समोरची व्यक्ती जरा उशीर करतेय, असं दिसलं की तो अलगद अर्धा ब्रेक घालतो. स्पीडब्रेकरवर गाडी बंद पडायच्या बेतात असली की क्लच सावरतो. गाडी नीट थांबते, नीट उठते, आणि शिकणाऱ्याला मनापासून वाटतं की आपण केलं.

एकविसाव्या दिवसानंतर शेजारच्या सीटवर सर नसतात, भाऊ किंवा नवरा असतो आणि त्याच्या पायाखाली नुसतं पायपुसणं असतं. पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात. "इतके दिवस तर जमत होतं!" ते जमत होतं दोघांना मिळून, आणि त्यातलं आपलं किती हे शिकणारीला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

यात सरांना दोष द्यायचं कारण नाही. गाडीतल्या चौघांचा आणि रस्त्यावरच्या सगळ्यांचा जीव त्यांच्या त्या पायावर आहे. म्हणून तो पाय तसाच ठेवून आम्ही फक्त त्याची नोंद घ्यायची ठरवली. पेडल हललं की नोंद करणारा साधा स्विच इथे चालत नाही, कारण दांड्याच्या जोडणीत शिकणाऱ्याने दाबलं तरी सरांचं पेडल हलतंच. म्हणून सरांच्या पेडलच्या रबराखाली दाब मोजणारी पातळ पट्टी बसवली. त्या पट्टीवर दाब आला तरच पाय सरांचा. तेवढ्यापुरता रोबोच्या छातीवरचा बारका दिवा नारिंगी होतो. आवाज नाही, सूचना नाही. गाडी कडेला घेतली की मग तो एक वाक्य बोलतो, "सिग्नलच्या आधीचा ब्रेक सरांचा होता."

बँकेत काम करणाऱ्या एक बाई तेव्हा शिकत होत्या. त्यांनी हे वाक्य ऐकलं आणि सरांकडे वळल्या. "म्हणजे गाडी मी थांबवलीच नाही?"

"ताई, पाय तुमचा होता तिथे. दाब माझा होता."

"मग उद्यापासून माझा येऊ दे ना."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना मोकळ्या रस्त्यावर नेलं, दोन्ही पाय मागे ओढून घेतले आणि तसं त्यांना दाखवलंही. बाईंनी ब्रेक असा लावला की मागच्या सीटवरचा आमचा विद्यार्थी पुढे आपटता आपटता वाचला. सर हसून म्हणाले, "हा बघा, हा तुमचा." पुढचा सबंध तास त्यांनी ब्रेकखेरीज काही शिकवलं नाही. आज कुठला धडा घ्यायचा हे त्या दिव्यामुळे त्यांना ठरवता आलं, आणि बाईंनाही ते पटलं.

यंत्र माणसाकडून शिकलं तेव्हा

यंत्राने माणसाला गाडी शिकवायच्या आधी माणसाने यंत्राला शिकवली, आणि तिथेही हाच प्रश्न आला होता. 1989 साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो यांनी ॲल्विन नावाची प्रणाली मांडली. एका व्हॅनवर कॅमेरा लावलेला. त्याचं चित्र जेमतेम 30 गुणिले 32 ठिपक्यांचं, आजच्या हिशेबात अगदीच धूसर. माणूस व्हॅन चालवायचा आणि यंत्र दोन गोष्टी सोबत बघायचं, रस्ता कसा दिसतोय आणि माणसाने स्टिअरिंग किती फिरवलं. काही मिनिटं बघितलं की ते स्वतः स्टिअरिंग धरू शकायचं.

अडचण अशी आली की माणूस फार चांगला चालवत होता. तो कधी लेन सोडून भरकटायचा नाही, त्यामुळे भरकटल्यावर परत कसं यायचं हे यंत्राला बघायलाच मिळायचं नाही. स्वतःच्या हातात स्टिअरिंग आल्यावर ते जरा बाजूला सरकलं की गोंधळायचं. मुद्दाम वेडंवाकडं चालवून दाखवणं धोक्याचं होतं. पोमरलो यांनी तोड काढली ती अशी. कॅमेऱ्यातलं चित्रच गणिताने डावी-उजवीकडे सरकवायचं, म्हणजे गाडी बाजूला गेली असती तर रस्ता कसा दिसला असता ते चित्र तयार करायचं, आणि तिथून परत यायला स्टिअरिंग किती फिरवावं लागेल ते सोबत द्यायचं. चूक न करता चुकीतून सावरण्याचा सराव झाला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या आमच्या सरांनी पोमरलो यांचं नावही ऐकलेलं नाही, पण ते मोकळ्या मैदानात हेच करतात. पांढऱ्या पट्ट्यात गाडी स्वतः तिरपी लावून ठेवतात, चाकं मुद्दाम वाकडी करतात आणि मग उतरून म्हणतात, "आता काढा सरळ." शिकणाऱ्याला चुकू न देणारी शिकवणी लायसन्सपर्यंत नेते. एकट्याने गाडी हाकायची तर सावरताही आलं पाहिजे.

याच पोमरलो यांनी 1995 साली टॉड जॉकेम यांच्यासोबत पिट्सबर्गहून सॅन दिएगोपर्यंत गाडी नेली. स्टिअरिंग 98.2 टक्के अंतर यंत्राने सांभाळलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मात्र माणसाच्याच पायाखाली होते, आणि त्यांनी ते स्वच्छ सांगितलं. यंत्र किती आणि माणूस किती, याचा हा चोख हिशेब मला त्या प्रवासाइतकाच मोठा वाटतो. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन माणसं मिळून गाडी चालवतात आणि असा हिशेब कुणीच ठेवत नाही.

नजर शिकवायची कशी

आता दुसरी गोष्ट. 1972 साली अमेरिकेत मूरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी नवशिक्या आणि सरावलेल्या चालकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. नवशिक्यांची नजर गाडीच्या नाकापुढे, जवळच्या रस्त्यावर आणि कडेला खिळलेली होती. सरावलेले चालक लांब बघत होते आणि आरशात वरचेवर डोकावत होते. पुढे 1994 साली मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी एडिंबरामधल्या वळणावळणाच्या रस्त्यावर असाच अभ्यास केला. वळण यायच्या एक-दोन सेकंद आधीच चालकाचे डोळे वळणाच्या आतल्या कडेवर जातात आणि हात त्या नजरेच्या मागून जातात, असं त्यात दिसलं. कात्रजच्या जुन्या घाटात नवशिका बघतो तो समोरून येणाऱ्या ट्रककडे किंवा दरीकडच्या कठड्याकडे, आणि गाडी नेमकी तिकडे ओढली जाते. "जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल," असं आपले शिकवणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, ते अगदी खरं आहे.

पण नजर शिकवायची कशी? शेजारी बसलेल्या सरांना शिकणाऱ्याचे डोळे नीट दिसत नाहीत, कारण त्यांना स्वतःला रस्त्यावर बघायचं असतं. बोलून सांगायचं तर त्याचंही एक गणित आहे. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. "डावीकडून दुचाकी येतेय, जरा हळू घ्या" हे वाक्य बोलून, ऐकून, समजेपर्यंत तीन सेकंद गेले तर गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते. दुचाकी तोवर मागे राहिली किंवा खाली आली. हे गणित फळ्यावर मांडल्यावर बोलका रोबो बाद झाला आणि बघणारा रोबो आला.

आपल्यासमोरचा माणूस एकदम कुठेतरी बघू लागला की आपलीही मान तिकडे वळते. तान्ह्या मुलापासून सगळ्यांना हे येतं. शिवाय डोळ्याच्या कडेला झालेली हालचाल टिपायला सरळ बघावं लागत नाही. म्हणून रोबो. पडद्यावर बाण दाखवला तर शिकणारा पडद्याकडे बघतो. रोबोने मान डाव्या आरशाकडे वळवली तर शिकणारा आरशाकडे बघतो. चालत्या गाडीत रोबो एरवी अगदी स्थिर समोर बघत असतो. डावा इंडिकेटर लागला की त्याची मान आरशाकडे वळते.

यातली सगळ्यात कामाची हालचाल आम्हाला सोसायटीच्या फाटकाशी सापडली. फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळायचं आहे. वाहनं आधी उजवीकडून येतात, आणि आपल्या उजव्या डोळ्यासमोर पुढच्या काचेचा जाड खांब असतो. पूर्वीपेक्षा तो आता जास्तच जाड झालाय, कारण गाडी उलटली तर छताचा भार त्याने पेलायचा असतो. त्या खांबाआड सबंध दुचाकी मावते. गंमत अशी की आपली गाडी पुढे सरकतेय आणि दुचाकीही येतेय, दोघांचे वेग जुळले, तर ती शेवटपर्यंत खांबाआडच राहते. चालक खरोखर उजवीकडे बघतो आणि त्याला खरोखर काहीच दिसत नाही. यावर उपाय एकच, सीटवर जरा पुढे वाकून मान खांबाच्या अल्याड-पल्याड न्यायची. हे शब्दांत सांगितलं की कुणाच्या लक्षात राहत नाही. रोबोच्या बुडाशी आम्ही एक जादा मोटर बसवली आणि फाटकाशी तो पुढे वाकून खांबाच्या पलीकडे डोकावू लागला. शिकणारी माणसं हसतात आणि त्याच्यासोबत वाकतात. सर म्हणाले, "मी इतकी वर्षं तोंडाने सांगतोय, हा नुसता वाकतो."

बांधणी

मंडळींत तरुण मुलंही दिसताहेत, म्हणून बांधणीबद्दल थोडं. डॅशबोर्ड ही इलेक्ट्रॉनिक्ससाठी वाईट जागा आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांपर्यंत तापतो, आणि आम्ही वापरलेल्या रास्पबेरी पायसारखी छोट्या संगणकाची पाटी 80 अंशांच्या पुढे स्वतःहून काम मंद करते. म्हणून रोबोचा मेंदू सीटखाली गेला. वर राहिले मान, कॅमेरा आणि दिवा. रबरी चकतीने चिकटवलेली वस्तू उन्हात सुटते, म्हणून तो स्क्रूने बसवला. डाव्या बाजूला प्रवाशाची एअरबॅग असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि वाटेत येईल ते भिरकावते. त्यामुळे रोबोची जागा मधोमध, काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या रेषेखाली आणि वजन शक्य तितकं कमी.

गाडीचा वेग, इंजिनचे फेरे आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटमधून मिळतं. ब्रेक आणि इंडिकेटर तिथून सरधोपट मिळत नाहीत, म्हणून ब्रेकलाइटची आणि फ्लॅशरची वायर वेगळी काढून घेतली. डोळ्यांचं म्हणाल, तर नजर नेमकी कुठल्या बिंदूवर आहे हे साध्या कॅमेऱ्याला कळत नाही. गॉगल आणि स्कार्फ असला की आणखी अवघड. पण आम्हाला एवढंच हवं होतं की समोर, तीन आरसे, दोन्ही बाजू आणि गिअर, यांपैकी नजर कुठे आहे. ते मानेच्या दिशेवरून बरंचसं कळतं. गिअर टाकताना खाली बघणारे किती असतात हे बघून मुलं थक्क झाली होती.

बाहेरचा रस्ता ओळखायला मात्र आम्ही यंत्राला सांगितलं नाही. परदेशी चित्रांवर शिकलेल्या यंत्राला आपला रस्ता नीटसा कळत नाही, म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 साली भारतीय रस्त्यांचा सुमारे 10,000 चित्रांचा संच केला. त्यात रिक्षा आणि जनावरं हे वेगळे वर्ग आहेत. तरीही ऊस हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर यंत्राने दर वेळी ओळखावा, ही जोखीम मी घेणार नाही. आमचा रोबो धोका ओळखत नाही. इथे बघायला हवं होतं, एवढंच तो सांगतो.

अशा यंत्रांची परंपराही आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये 2009 च्या सुमारास फोक्सवॅगनच्या सोबतीने एडा नावाचा डॅशबोर्डवरचा छोटा रोबो झाला. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी वयस्कर चालकांसाठी नुसता आवाज, पडद्यावरचं पात्र आणि छोटा रोबो यांची तुलना केली. तेव्हा लोकांना रोबोची सोबत सगळ्यांत कमी जाचक वाटली. आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या बंगळुरूतल्या चमूने काचेवर लावलेला साधा स्मार्टफोन वापरून हॅम्स ही प्रणाली केली, आणि 2019 पासून डेहराडूनमध्ये लायसन्सच्या चाचणीसाठी ती वापरात आली. फोनचा एक कॅमेरा चालकाकडे, दुसरा रस्त्याकडे. ते परीक्षकाचं काम, आणि चांगलं झालेलं काम. आमचा रोबो परीक्षेच्या आधीच्या दिवसांसाठी आहे.

मान स्थिर ठेवणं आणि वही कुणाची

हालचाली शिकवण्याच्या शास्त्रात 1984 साली साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी एक महत्त्वाचा आढावा घेतला. शिकणाऱ्याला दर वेळी सांगत राहिलं तर तेव्हा काम छान होतं, पण सांगणारा गेला की घसरतं, असा त्याचा मथितार्थ. म्हणून आमचा रोबो दर आठवड्याला थोडा उशिरा वळतो. पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्याच्या आधी, दुसऱ्यात नंतर, तिसऱ्यात शिकणारा चुकला तरच, तेही गाडी थांबल्यावर. शेवटचे तास त्याला गाडीतून काढूनच ठेवतात. असं केलं नाही, तर ब्रेकवरच्या दुसऱ्या पायाच्या जोडीला आरशाकडे वळणारी दुसरी मान तयार होईल.

आता नोंदीबद्दल. यंत्र जे बघतं ते कुणाचं? एका शिकणाऱ्या बाईंच्या यजमानांनी आम्हाला विचारलं, "तिच्या चुकांचा रिपोर्ट मिळेल का?" चुका सांगायच्या तर तिला, हे आम्हाला स्पष्टच सांगावं लागलं. दुसरी धास्ती सरांची होती. त्यांच्या पायाची नोंद म्हणजे त्यांचीच हजेरी की काय? कमी ब्रेक दाबणारा शिक्षक चांगला, असा अर्थ उद्या एखाद्या मालकाने काढला, तर सर पाय आवरता घेतील आणि त्याची किंमत रस्त्यावरचं कुणीतरी मोजेल. त्यामुळे नोंदीत शिक्षकाचं नाव नाही. चेहऱ्याचं चित्र साठवलं जात नाही, नजर कुठल्या दिशेला होती एवढंच राहतं, आणि शिकवणी संपली की तेही शिकणाऱ्याच्या हाती देऊन यंत्रातून पुसलं जातं. 2023 साली आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो नसता तरी हे असंच करावं लागलं असतं, कारण आपल्या चुका तिसऱ्याकडे जाणार हे कळलं की माणूस शिकायचं सोडून दिसायला बघतो.

एक रकाना

ब्रिटनने 2002 साली लेखी चाचणीत धोका ओळखण्याचा भाग घातला. रस्त्याच्या 14 चित्रफिती बघायच्या आणि धोका आकार घेतोय असं दिसताच कळ दाबायची. आपल्याकडेही बघण्याची परीक्षा यावी असं मला वाटतं, पण तो धोरणाचा विषय आहे आणि त्याला वेळ लागेल. मी एक लहान गोष्ट सुचवतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत फॉर्म 15 नावाची नोंदवही आहे. प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलने ती ठेवायची असते. कोणत्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत शिकणाऱ्याने प्रत्यक्ष गाडी चालवली, हे तिच्यात लिहायचं आणि सह्या करायच्या. नियमातले 10 तास याच वहीवरून मोजले जातात. या वहीत आणखी एक रकाना असावा: आज शिक्षकाचा पाय किती वेळा पडला. पहिल्या दिवशी तो आकडा मोठा असणार आणि तसाच असायला हवा. एकविसाव्या दिवशीही तो मोठाच असेल तर वहीतले 10 तास दोघांचे आहेत, आणि त्या माणसाला अजून शिकायचं आहे.

या रकान्यासाठी आमचा रोबो घ्यायची गरज नाही. पेडलखालची दाबाची पट्टी आणि एक साधा मोजणारा डबा पुरतो, आणि ज्यांना तोही नको त्यांनी सरांच्या आठवणीवर विसंबून पेन्सिलीने लिहिलं तरी सुरुवात होईल. सरकारने फॉर्म बदलायची वाटही बघायला नको. स्कूलच्या मालकांना आपल्या वहीत एक रेघ उद्याच मारता येईल. आणि तुमच्यापैकी जे येत्या सुट्टीत मुलीला, सुनेला किंवा स्वतःला गाडी शिकायला घालणार आहेत, त्यांनी फी ठरवताना मालकांना एवढं जरूर विचारावं, "शेवटच्या आठवड्यात सरांचा पाय किती वेळा पडला, ते आम्हाला सांगाल ना?" जे स्कूल हो म्हणेल, तिथे नाव घाला.